हीट पंप बसवला आणि लाइटबिल वाढलं! सेटिंग कुठे चुकतंय?

मुलुंडची_मृण्मयी (१४ जुलै)

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही पाणी तापवायचा २०० लिटरचा हीट पंप बसवला. मुलुंड पश्चिमेला दोन फ्लॅट जोडून केलेलं घर आहे, माणसं सहा : सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. आधी एका मोरीत गॅस गीझर होता आणि दुसरीकडे साधा २५ लिटरचा. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे माणसं दगावल्याच्या बातम्या वाचून सासूबाईंनी गॅस गीझर काढायलाच लावला, आणि मला तो निर्णय आजही शंभर टक्के पटतो. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, त्यामुळे गीझरच्या एक तृतीयांश विजेत काम होतं असं सगळीकडे वाचलं, म्हणून पैसे जरा जास्त गेले तरी घेतला.

पण बिल कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय. मी वायरमनकडून पंपाच्या लाइनवर वेगळा छोटा मीटर लावून घेतला. दहा दिवसांची सरासरी रोज ४.६ युनिट येतेय. बसवणारा मुलगा ६० अंश, मोड हायब्रिड, २४ तास चालू असं करून गेला. 'यालाच हात लावू नका' म्हणाला, म्हणून आजवर लावला नाही. ड्राय बाल्कनीत ठेवलाय. कुणाकडे असेल तर कृपया सांगा, तुमचं सेटिंग काय आहे?

कुर्ल्याचा_कैलास

आमच्याकडे नाही, पण घ्यायचा विचार चालू आहे. वाचतोय.

शीतयंत्र

मृण्मयीताई, मी गेली २२ वर्षं एसी आणि रेफ्रिजरेशनच्या कामात आहे. तुम्ही वेगळा मीटर लावलात हे फार चांगलं केलंत. अर्ध्याहून जास्त लोक नुसतं 'बिल वाढलं' म्हणतात आणि वाढ असते एसीची.

आता हिशेब करू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. हा आकडा कुठल्याच यंत्राला चुकत नाही. सहा माणसं, प्रत्येकी साधारण ३० लिटर, म्हणजे ४० अंशाचं १८० लिटर पाणी. जुलैत नळाचं पाणी २७ अंशाच्या आसपास असतं. १८० गुणिले १३ गुणिले १.१६ म्हणजे २.७ युनिट उष्णता. तुमच्या घरात अंगावर पडणारी गरमी एवढीच आहे. साधा गीझर असता तरी २.७ आणि वर थोडी गळती, एवढंच लागलं असतं. तुमचा हीट पंप ४.६ खातोय, म्हणजे तो हीट पंप म्हणून चालतच नाहीये.

तीन गोष्टी बघून सांगा. एक, हायब्रिड मोडमध्ये आतला एलिमेंट (गीझरसारखा विजेवर तापणारा रॉड) लागतो का? पंपाचा कंप्रेसर ५०० ते ६०० वॉट घेतो. मीटरवर मध्येच २००० च्या वर आकडा दिसला तर एलिमेंट चालू आहे, म्हणजे तेवढा वेळ तुम्ही महागडा गीझर चालवताय. दोन, पंप जिथून हवा ओढतो त्या जाळीजवळ थर्मामीटर टांगा आणि दुसरा खिडकीबाहेर. तीन, रात्री दोनच्या सुमाराला, कुणी पाणी वापरत नसताना, टाकीच्या माथ्यावरून निघणाऱ्या पाइपला दोन-तीन फुटांवर हात लावा.

मुलुंडची_मृण्मयी

दादा, तिन्ही केलं. रविवारी रात्री सासरे आणि मी दोघंही जागलो.

मीटरवर संध्याकाळी सातला २१५० दिसलं. आंघोळी सकाळीच उरकतात, संध्याकाळी फक्त मुलं हातपाय धुतात, तरी एलिमेंट लागलेला. खिडकीबाहेर २९ अंश आणि जाळीपाशी २०! बाल्कनीच्या सरकत्या काचा आम्ही बंद ठेवतो, पाऊस आत येतो आणि कबुतरं घरटी करतात. आणि पाइप... रात्री दोन वाजता टाकीपासून हातभर अंतरावर हात ठेवता येत नव्हता, भिंतीत शिरतो तिथेही कोमट होता. तांब्याचा पाइप, उघडा, दुसऱ्या मोरीपर्यंत नऊ मीटर.

शीतयंत्र

मग सगळं सापडलं. पंप हवेतली उष्णता काढून घेतो आणि गार हवा बाहेर फेकतो. बंद बाल्कनीत तीच गार हवा तो पुन्हा ओढतोय. बाहेर २९ अंशाची दमट हवा फुकट पडलेली असताना २० अंशाच्या हवेवर चालतोय. ओढायची हवा आणि पाणी यांतली चढण जेवढी जास्त तेवढी वीज जास्त, एका अंशामागे साधारण २-३ टक्के धरा. तुमची चढण दोन्ही टोकांनी वाढवलेली आहे : खालून गार हवेने, वरून ६० अंशाने.

पावसाळी हवेबद्दल एक सांगतो, कारण लोक उलटं समजतात. दमट हवा पंपाला चांगली असते. गार कॉइलवर वाफेचं पाणी होतं तेव्हा त्या वाफेतली उष्णताही पंपाला मिळते. खालच्या नळीतून पावसाळ्यात रोज तीन-चार लिटर पाणी पडत असेल, ते गळती समजू नका.

आता माझी एकच कळकळीची विनंती : सगळं एका दिवसात बदलू नका. एक बदल, चार दिवस मीटर वाचा, लिहून ठेवा, मग पुढचा. आधी हायब्रिड काढून इको करा, म्हणजे एलिमेंट बंद. मग ६० चे ५०. मग हवेची सोय. मग पाइप.

ठाकुर्लीचा_ठोंबरे

एवढं कशाला? आम्ही एमसीबी बंदच ठेवतो. पहाटे पाचला चालू, सात वाजता बंद. गीझरला आयुष्यभर तेच केलं.

शीतयंत्र

गीझरला ते बरोबर होतं, कारण गीझर पंधरा मिनिटांत १५ लिटर तापवतो. हीट पंपाची ताकद साधारण दोन किलोवॉट उष्णता, म्हणजे पूर्ण टाकी तापायला साडेतीन-चार तास. दोनच तास दिलेत तर पाणी अर्धवट तापतं आणि मग माणूस वैतागून बूस्ट बटण दाबतो, म्हणजे पुन्हा एलिमेंट. शिवाय एमसीबी पाडली की काही मॉडेलांत घड्याळ शून्यावर जातं. बंद-चालू करायचं ते आतल्या टायमरने. आणि पहाटे पाच ही हवा सगळ्यात गार असण्याची वेळ! दुपारी एक ते पाच चालवा, पाणी टाकीत थांबतं. त्यासाठीच तर एवढी मोठी टाकी आहे.

परदेशी_पार्लेकर

मूळचा पार्ल्याचा, सध्या आयर्लंडमध्ये. माझ्याकडे घर गरम करणारा हवेवरचा हीट पंप आहे आणि इथे सगळे सांगतात की टायमर लावू नका, मंद तापमानावर अखंड चालू ठेवा. वाचणाऱ्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून लिहितोय. माझ्या घरातून थंडीत उष्णता सतत बाहेर जात असते, ती सतत भरून काढावी लागते. थांबवून मग एकदम घर तापवायला गेलं तर रेडिएटरमधलं पाणी जास्त कडक करावं लागतं आणि वीज वाढते. म्हणून इथे बाहेरच्या हवामानाप्रमाणे पाण्याचं तापमान आपोआप वरखाली होईल अशी रेषा लावतात. मी ती महिनाभर थोडी थोडी खाली आणत ५० वरून ३८ वर आलो, आणि घर तेवढंच उबदार आहे. मुंबईत तापवायचंय फक्त आंघोळीचं पाणी, तेही एका वेळचं. म्हणून टायमर तुमच्यासाठी बरोबर, माझ्यासाठी चूक. पण पाणी गरजेपेक्षा एक अंशही जास्त तापवायचं नाही, हे दोन्हीकडे सारखंच आहे.

इंटरनेटवर बाहेरच्या युनिटवर बर्फ साचणं आणि तो वितळवण्याच्या सेटिंगवर पानंच्या पानं आहेत. ती तुम्ही सोडून द्या.

दादरची_लेक

सोडून द्याच. सांताक्रूझला आजवरचं नीचांकी तापमान ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चं. आमचे बाबा त्या दिवशीची गोष्ट अजून सांगतात, शाळेत सगळ्यांचे दात वाजत होते.

डॉ_सायनकर

इको आणि ५० हे ठीक आहे, पण कुणी उत्साहाने ४२-४३ वर आणू नका. लिजिओनेला नावाचे जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात वाढतात. शॉवरच्या तुषारांमधून ते श्वासात जातात आणि त्यांच्यामुळे न्यूमोनिया होतो. धोका जास्त कुणाला, तर वयस्कर माणसं, धूम्रपान करणारे, मधुमेही, फुप्फुसाचे जुने आजार असलेले. मृण्मयी, तुमच्या घरी सासू-सासरे आहेत, म्हणून आठवड्यातून एकदा पूर्ण टाकी ६० पर्यंत न्या. ६० ला हे जिवाणू मिनिटांत मरतात. बऱ्याच यंत्रांत निर्जंतुकीकरणाचं वेगळं सेटिंग असतं, ते बंद करू नका. त्या दिवशी थोडी वीज जास्त जाईल, ती जाऊ द्या.

आणि ६० अंशाचं पाणी नळातून थेट अंगावर आलं तर पाचेक सेकंदांत भाजतं. त्या दिवशी मुलांना एकटं आंघोळीला सोडू नका, किंवा नळाआधी पाणी मिसळणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवून घ्या.

मुलुंडची_मृण्मयी (६ ऑगस्ट)

मंडळी, आकडे आले. सासऱ्यांनी दिनदर्शिकेवर रोजच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलेत, तेच उतरवतेय.

हायब्रिड, ६० : ४.६. इको, ६० : २.९. इको, ५०, टायमर १ ते ५ : २.१. बाल्कनीची एक काच काढून तिथे कबुतरांची जाळी लावली आणि गार हवेच्या तोंडाला एक कोपर (वळणाचा पाइप) बसवून ती खिडकीबाहेर सोडली : १.७. नऊ मीटर पाइपला काळा रबरी फोम चढवला आणि टाकीवरून निघणारा पाइप प्लंबरकडून आधी हातभर खाली आणून मग वर नेला, कारण गरम पाणी आपोआप वर चढत राहतं : १.४. (यातल्या शेवटच्या तीन आकड्यांत आठवड्यातला ६० चा दिवस धरलेला नाही. तो मंगळवारी असतो, त्या दिवशी २.३ होतात.)

४.६ चे १.४! महिन्याचे ९० च्या वर युनिट वाचतात. आमचं बिल तीनशेच्या वरच्या महाग स्लॅबमध्ये जायचं, ते आता खाली आलंय. काल रात्री दोन वाजता मी पुन्हा उठून पाइपला हात लावला. गार.

शीतयंत्र दादा, तुमचे आभार कसे मानू? बसवणाऱ्याने फक्त दहा मिनिटं देऊन हे समजावलं असतं तर तीन महिने फुकट गेले नसते, याचं मात्र वाईट वाटतं.

शीतयंत्र

ताई, आभार सासऱ्यांच्या पेन्सिलीचे माना. अजून एक सेटिंग आहे : पाणी किती अंश उतरल्यावर पंप पुन्हा चालू व्हावा. कारखान्यातून बहुतेक ५ वर येतं. टायमर नसेल तर ते ८-१० करा, म्हणजे पंप दिवसातून सहा वेळा थोडा थोडा चालायच्या ऐवजी एकदाच नीट चालेल. तुमच्याकडे टायमर आहे, म्हणून फार फरक पडणार नाही.

भांडुपचा_भाऊ

पाण्याबद्दल लिहितो. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पाणी येतं, ते मऊ. पालिकेचं पाणी असेल तर टाकीत क्षार फार साचत नाहीत. पण सोसायटीत बोअरवेल किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर वर्षातून एकदा टाकी उघडून बघायलाच हवी. आतला मॅग्नेशियमचा अॅनोड रॉडही बघा. टाकीच्या पत्र्याऐवजी तो झिजतो, म्हणजे तोच टाकी वाचवतो. माझा दीड वर्षात पेन्सिलीएवढा झाला होता. वेळेवर बदलला म्हणून टाकी राहिली.

मुलुंड-भांडुपला महावितरणची वीज आहे. टीओडी मीटर (वेळेप्रमाणे वेगळा दर लावणारा) बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वापरलेल्या युनिटला सवलत मिळते. दुपारचा टायमर असा दोन्ही बाजूंनी फायद्याचा.

वर्सोव्याची_वाळू

समुद्राजवळच्यांनी कॉइलच्या पत्र्यांकडे लक्ष ठेवा. खाऱ्या वाऱ्याने पातळ ॲल्युमिनियमची भुकटी होते. आम्ही दर महिन्याला साध्या पाण्याने, हळू धारेने धुतो. सर्व्हिसला आलेल्या माणसाने एकदा ॲसिडचं क्लीनर मारलं आणि सहा महिन्यांत कॉइल गळली. घेतानाच लेप दिलेली कॉइल आहे का ते विचारा.

कुर्ल्याचा_कैलास

आवाजाचं काय? खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे.

मुलुंडची_मृण्मयी

आमच्याही खालच्या काकूंनी सांगितलं होतं की दुपारी छत घुमतं. चार पायांखाली जाड रबरी पॅड घातले आणि टाकी भिंतीपासून चार बोटं सरकवली. काकू म्हणाल्या, आता कळतही नाही. तरी त्यांच्या झोपेची वेळ टाळून टायमर २ ते ५ केलाय, पाणी पुरतं.

मुलुंडची_मृण्मयी (दिवाळीच्या आदल्या आठवड्यात)

पुन्हा धागा वर काढतेय. नरक चतुर्दशीला दीर-जाऊ आणि त्यांची मुलं येणार, घरात अकरा माणसं. अभ्यंगस्नान सूर्योदयाच्या आत सगळ्यांचं व्हायला हवं, सासूबाईंचा आग्रह आहे आणि मलाही ते तसंच आवडतं. उटणं, तेल, डोक्यावरून पाणी, म्हणजे प्रत्येकी ३० लिटर तरी. ५० वर पुरेल का?

शीतयंत्र

नाही पुरणार. २०० लिटरच्या टाकीतलं १६५ लिटर खरं गरम धरा, उरलेलं खाली आत येणाऱ्या गार पाण्यात मिसळतं. नळाचं २६ अंश. ५० अंशाच्या १६५ लिटरमधून ४० चं साधारण २८५ लिटर पाणी होतं. ६० अंशाच्या १६५ मधून ४०० लिटर. तुम्हाला हवंय ३३०. तेव्हा मंगळवारचा ६० चा दिवस त्या आठवड्यापुरता आदल्या दुपारी घ्या, दोन्ही कामं होतील. कमी पडेल असं वाटलं तर पहाटे चार वाजता पंप हाताने चालू करा, तासाला सव्वाशे लिटरच्या आसपास ४० चं पाणी नव्याने मिळेल. बूस्टला हात लावू नका.

मुलुंडची_मृण्मयी (नरक चतुर्दशी, सकाळी)

पुरलं! साडेचारला पहिली बालदी भरली. सासऱ्यांनी टाकीच्या पडद्यावर नजर ठेवली होती : ५९, ५९, ५८, मग बराच वेळ ५८, आणि दहाव्या माणसानंतर एकदम ४४. अकरावी मीच होते, मलाही छान गरम मिळालं. पंप चालू करावा लागला नाही. सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. दादा, तुम्हाला फराळाचं आमंत्रण, खरंच या.

शीतयंत्र

शुभेच्छा! गरम पाणी वर तरंगतं आणि गार खालून चढतं, म्हणून पडदा शेवटपर्यंत ५८ दाखवतो आणि मग एकदम पडतो. हे ज्याला ठाऊक नसतं तो म्हणतो यंत्र बिघडलं.

कुर्ल्याचा_कैलास (९ जानेवारी)

थंडी पडली. आम्ही तिघंच, एक मोरी. घेऊ का हीट पंप?

शीतयंत्र

कैलास, मनापासून सांगतो, नका घेऊ. तिघांचं ९० लिटर पाणी, आता नळाचं २३ अंश, म्हणजे रोज १.८ युनिट उष्णता. उन्हाळ्यात तर एकच्या आत. १५ लिटरचा पाच तारांकित गीझर घ्या आणि आंघोळीच्या दहा मिनिटं आधी लावा. हीट पंपाची जास्तीची किंमत तुमच्या घरात दहा वर्षांतही वसूल होणार नाही. सहा-आठ माणसं, किंवा गच्चीवर सोसायटीचा एकत्र पंप, तिथे त्याचं सोनं होतं.

कुर्ल्याचा_कैलास

धन्यवाद. एवढं स्पष्ट कुणी दुकानात सांगितलं नव्हतं.

मुलुंडची_मृण्मयी (१९ जानेवारी)

थंडीतले आकडे देते, पुढे कुणाला लागतील. आज पहाटे बाल्कनीच्या जाळीपाशी १६ अंश. सासऱ्यांच्या मनात शंका होती की एवढ्या थंडीत दुपारचं पाणी सकाळपर्यंत कोमट होईल, त्यापेक्षा पहाटे ताजं तापवलेलं बरं. म्हणून तीन दिवस पहाटे ३ ते ६ चालवला, तीन दिवस दुपारी २ ते ५, दोन्ही वेळा ५० वरच. पहाटे सरासरी २.३ युनिट, दुपारी १.९. दुपारी पाचला ५० वर बंद झालेली टाकी सकाळी सहाला ४८ दाखवते. आता टायमर दुपारीच राहील. नवी दिनदर्शिका लागली आहे, आणि १ जानेवारीच्या चौकटीपासून पेन्सिलीचे आकडे सुरू आहेत.